प्रकाशाचा वरचा षड्ज



आजच्या व्याख्यानाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात परत फिरण्याचा विचार आला असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. 'दाता-ग्राहक जातीची धातुसेंद्रिय संयुगे व त्यांचे अरेषीय प्रकाशगुण' हे शब्द एका दमात उच्चारणेही कठीण. चिटणिसांनी मला मोठ्या आर्जवाने सुचवले की, शीर्षक जरा सोपे करा. शेवटी आमची तडजोड झाली. वर 'प्रकाशाचा वरचा षड्ज' असे लिहिले आणि खाली बारीक अक्षरात ते लांबलचक नाव राहू दिले. बारीक अक्षरातल्या मजकुरासकट जे श्रोते आले आहेत, त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

या मेजावर मी चार बाटल्या ठेवल्या आहेत. पहिलीत साखर आहे, दुसरीत मीठ. तिसरीतली पांढरी द्रव्ये शेतकरी मंडळी लांबूनही ओळखतील. तो युरिया आहे, खताच्या पोत्यातला, दुसरा कुठला नव्हे. चौथीत नारिंगी रंगाचे स्फटिक आहेत, त्यांची ओळख मागाहून करून देतो. आता अशी कल्पना करा की, हे सभागृह काळोखे केले आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक जोरदार लेझर-झोत, ज्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर आहे असा, आपण एकेका बाटलीतल्या पुडीवर क्षणभर सोडला. मिठातून काहीच दिसणार नाही. साखरेतून फिकट हिरवा उजेड चमकेल. आणि युरियातून त्याहून ठळक हिरवा उजेड येईल. आत गेलेला प्रकाश अदृश्य होता; बाहेर आलेला हिरवा आहे. त्याची तरंगलांबी मोजली तर ती भरते ५३२ नॅनोमीटर, म्हणजे बरोबर निम्मी. तरंगलांबी निम्मी झाली याचा अर्थ कंपनसंख्या दुप्पट झाली.

कंपनसंख्या दुप्पट होणे ही गोष्ट गाण्याच्या बैठकीला बसणाऱ्यांना नवी नाही. मध्य सप्तकातल्या षड्जाची कंपनसंख्या दुप्पट केली की तार षड्ज मिळतो. युरियाने प्रकाशाचे हेच केले. खालचा सा घेतला आणि वरचा सा परत दिला. आपल्या डोळ्यांची गोष्ट मात्र कानाहून गरिबीची आहे. कानाला नऊ-दहा सप्तके ऐकू येतात. डोळ्याला तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत मिळून जेमतेम एक सप्तक दिसते. त्यामुळे प्रकाशाच्या बाबतीत सा आणि वरचा सा या दोहोंपैकी एक तरी बहुधा दृष्टीच्या बाहेर राहतो.

ही किमया पहिल्यांदा १९६१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात दिसली. त्याआधी ती दिसणे शक्यच नव्हते, कारण तिला लागणारा प्रखर प्रकाश पृथ्वीवर कोणाजवळ नव्हता. मेमन यांचा माणकाचा लेझर १९६० च्या मे महिन्यात चालू झाला आणि पुढच्या वर्षी पीटर फ्रँकेन व त्यांचे तीन सहकारी यांनी तो तांबडा झोत, ६९४ नॅनोमीटरचा, स्फटिक गारेच्या तुकड्यातून पार केला. बाहेर छायाचित्राच्या काचेवर तांबड्याचा मोठा डाग उमटला, आणि दूर ३४७ नॅनोमीटरच्या जागी एक इवलासा ठिपका. या ठिपक्याची एक गोष्ट सांगतात. शोधनिबंध छापायला गेला, तेव्हा छापखान्याकडच्या कोणा दक्ष माणसाला तो ठिपका म्हणजे काचेवर पडलेली धूळ वाटली आणि त्याने ती साफ करून टाकली! छापील निबंधात बाण आहे, पण बाणाच्या टोकाशी काहीच दिसत नाही. ज्यासाठी सारा खटाटोप, तेवढेच नेमके गळले.

आता हे घडते कसे, ते पाहू. इथे थोडे लक्ष देण्याची विनंती आहे. पुढचे सगळे व्याख्यान या एका मुद्द्यावर उभे आहे.

प्रकाश म्हणजे विजेच्या बलाचे झोके. तो पदार्थात शिरला की रेणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असा झुलू लागतो. मिठासारख्या पदार्थात हा ढग दोन्ही बाजूंना सारखाच मोकळा असतो. उजवीकडे ढकलले तर जितका जातो, तितकाच डावीकडे ढकलल्यावर जातो. जशी थाप तसा झोका. पण समजा, ढगाला उजवीकडे जाणे सोपे आहे आणि डावीकडे जाणे जड आहे. मग उजवीकडच्या धक्क्याला तो नेमापेक्षा थोडा जास्त सरकतो, आणि डावीकडच्या धक्क्याला नेमापेक्षा थोडा कमी. डावीकडे कमी जाणे म्हणजे हिशेबात उजवीकडेच थोडे राहून जाणे. म्हणजे धक्का कोणत्याही बाजूचा असो, जादा शिल्लक पडते ती उजव्याच बाजूला. एका पूर्ण झोक्यात धक्के दोन, म्हणून ही शिल्लक एका झोक्यात दोनदा पडते. दोनदा पडते म्हणून तिची कंपनसंख्या दुप्पट. वरचा षड्ज जन्माला येतो तो इथे. धक्का हलका असेल तर ही शिल्लक इतकी क्षुल्लक असते की, सूर्यप्रकाशात कोणाला तिचा पत्ता लागला नाही. लेझरचा दणका बसला तेव्हाच ती कळली.

तंबोरा जुळवताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, ती आपण पाहिली असेल. तार एकाच अंगाने घोडीच्या उतारावर घासते आणि नुसत्या तारेत दबलेले वरचे स्वर खुलून उठतात. एका अंगाचा हा अडसरच श्रीमंती आणतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या याच घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. प्रकाशावरचा त्यांचा जगप्रसिद्ध शोध त्यानंतर सात वर्षांनी आला. उपमा इथेच सोडतो, जास्त ताणली तर तार तुटेल.

तर मग रसायनशास्त्रज्ञाचे काम उघड झाले. एककल्ली रेणू बनवायचे. कृती अशी की, रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन सढळ हाताने देणारा गट बसवायचा, तो दाता. दुसऱ्या टोकाला ते ओढून घेणारा गट, तो ग्राहक. आणि मध्ये इलेक्ट्रॉनांना ये-जा करता येईल असा कार्बनचा पूल. अशा रेणूत ढगाला दात्याकडून ग्राहकाकडे जाणे सोपे आणि उलट जाणे जड. रंगाच्या कारखान्यातून पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे पॅरा-नायट्रोअनिलीन हे पिवळे द्रव्य याचा साधा नमुना होय. एका टोकाला अमिनो गट देतो, दुसऱ्या टोकाला नायट्रो गट घेतो.

पॅरा-नायट्रोअनिलीनचा एकेकटा रेणू या कामात खरोखर तेज आहे. आणि तरीही त्याचे स्फटिक लेझरखाली धरले तर काहीही मिळत नाही.

का बरे? लग्नघरी पाहुणे फार झाले आणि जागा अपुरी पडली की माणसे कशी झोपतात? एकाचे डोके तिकडे, तर शेजारच्याचे पाय तिकडे. दाता-ग्राहक रेणू असेच निजतात. देणारे टोक धनप्रभारित, घेणारे ऋणप्रभारित. विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात, म्हणून शेजारी-शेजारी रेणू उलटसुलट जुळून बसतात. एकाची शिल्लक उजवीकडे, दुसऱ्याची तेवढीच डावीकडे, बेरीज शून्य. रेणू जितका जास्त एककल्ली, तितकी ही उलटी जोडी जमण्याची ओढ अधिक. म्हणजे जो गुण आपण मोठ्या कष्टाने वाढवायचा, तोच गुण स्फटिकात स्वतःला पुसून टाकायला टपलेला. साखरेचे तसे होत नाही याचे कारण तिचा रेणू डाव्या-उजव्या हातासारखा एकाच हाताचा आहे. त्याची आरशातली जोडी स्फटिकात नसतेच, तेव्हा बेरीज शून्य करायला कोणी भेटत नाही. आणि पॅरा-नायट्रोअनिलीनच्या अंगावर एक छोटा मिथिल गट चिकटवला, तर तो निजताना शेजाऱ्याला टोचतो, मांडणी बदलते आणि तेच द्रव्य या विद्येतले नामांकित होते. असे गट चिकटवून पाहणे हा पुढे एक धंदाच झाला.

आता चौथ्या बाटलीकडे येऊ. झाकण उघडतो, पुढच्या रांगेतल्यांना कापरासारखा वास येईल. हे फेरोसीन. यात दहा कार्बन, दहा हायड्रोजन आणि लोखंडाचा एकच अणू आहे. पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात कीली नावाचा विद्यार्थी आणि पॉसन नावाचे तरुण अध्यापक १९५१ साली फुल्वेलीन नावाचा एक निव्वळ कार्बन-हायड्रोजनचा पदार्थ बनवू पाहत होते. त्यासाठी त्यांनी लोखंडाचे क्लोराइड केवळ मदतनीस म्हणून घातले. हाती आले हे नारिंगी स्फटिक, आणि लोखंड त्यात ठाण मांडून बसलेले. कार्बन आणि लोखंड यांचे असे थेट नाते टिकाऊ असेल यावर तेव्हा कोणाचा विश्वास बसत नव्हता. पण हा पदार्थ हवेत बिघडत नाही, १७३ अंशांवर शांतपणे वितळतो, तापवला तर कापरासारखा उडतो आणि परत जमतो. पॉसन यांनी त्याची जी रचना कल्पिली ती चूक होती. खरी रचना १९५२ मध्ये हार्वर्डला विल्किन्सन, वुडवर्ड व त्यांचे सहकारी यांना आणि म्युनिकला फिशर यांना उमगली: कार्बनच्या दोन पंचकोनी कड्या भाकरीसारख्या समोरासमोर, आणि मध्ये लोखंडाचा अणू. १९७३ चे नोबेल पारितोषिक फिशर आणि विल्किन्सन यांना मिळाले. वुडवर्ड यांना आपले नाव गळल्याचा विषाद वाटला आणि तो त्यांनी समितीला पत्र लिहून कळवलाही. मोठी माणसेही माणसेच असतात.

फेरोसीनमधले लोखंड आपला एक इलेक्ट्रॉन सहज सोडते आणि सहज परत घेते. सोडला की नारिंगी द्रव्य निळे होते, परत दिला की पुन्हा नारिंगी. असा उदार दाता मिळाल्यावर त्याला नायट्रो गटासमोर बसवून पाहण्याची बुद्धी कोणालाही झाली असती. ती अमलात आणली ऑक्सफर्डच्या माल्कम ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने, सेथ मार्डर आणि मार्क थॉम्प्सन या तरुणांसह, आणि १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तिचा वृत्तांत आला.

त्यांनी फेरोसीन आणि नायट्रोफेनिल यांच्यामध्ये दोन कार्बनांचा दुहेरी बंधाचा पूल घातला. असा पूल दोन तऱ्हांनी बसतो. दोन्ही टोके पुलाच्या एकाच अंगाला आली तर तो वाकडा रेणू, त्याला 'सिस' म्हणतात. विरुद्ध अंगांना गेली तर तो सरळ रेणू, 'ट्रान्स'. अणू तेच, संख्या तीच, बंधही तेच. कागदावर हिशेब केला तर सरळ रेणू श्रेष्ठ ठरावा, कारण त्यात दाता आणि ग्राहक एका ओळीत ताठ उभे आहेत. पुडी करून लेझरखाली ठेवले तेव्हा वाकड्या रेणूने युरियाच्या ६२ पट प्रकाश दिला. सरळ रेणूने शून्य दिले. क्ष-किरणांनी स्फटिकाचे पोट उघडून पाहिले तर सरळ रेणू डोक्याशी पाय करून नीटनेटके निजले होते. वाकड्या रेणूंना आपल्या वाकडेपणामुळे तसे निजता आले नाही.

खताचा युरिया या विद्येत मापाचे वजन झाला आहे, हेही जाता जाता सांगून टाकतो. कर्ट्झ आणि पेरी यांनी १९६८ साली सुचवले की, मोठा निर्दोष स्फटिक वाढवण्यात महिने घालवण्यापूर्वी नुसती पूड करून पाहावी आणि ठरावीक पदार्थाशी तुलना करावी. पुढे 'युरियाच्या इतके पट' ही बोली रूढ झाली. पद्धत ढोबळ आहे, कणांच्या आकारानेही आकडा हलतो, पण एका दुपारी निकाल लागतो.

तो निकाल काय चीज आहे, हे मी स्वतः अनुभवले आहे. विद्यार्थिदशेत मला असेच एक फेरोसीनचे संयुग करायला दिले होते. चौदा महिने त्यात गेले. शेवटच्या पायरीला हाती यायचे ते चिमूटभर, आणि त्यातले निम्मे शुद्ध करताना जायचे. अखेर गर्द तांबडे, सुईसारखे स्फटिक आले. इतके देखणे की मी घरच्या माणसांना दाखवायला काचेच्या नळीत घालून घेऊन गेलो होतो. आईने विचारले, "याचं काय करायचं?" मी म्हटले, "यातून उजेड निघणार आहे." पूड केली, नळीत भरली, लेझर लावला. पडद्यावरची रेघ सपाट. लेझरचा जोर वाढवला, रेघ सपाटच. यंत्र बिघडले असेल म्हणून नळी काढून युरियाची ठेवली, तर रेघ टुणकन वर उडाली. यंत्र चोख होते. तीन आठवड्यांनी क्ष-किरणांचे चित्र आले आणि त्यात माझे रेणू जोडीजोडीने उलटसुलट निजलेले दिसले. आमचे सर चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "रेणू तू केलास, स्फटिक त्यांनी केला." पुढे एक मिथिल गट वाढवून मी कसाबसा युरियाच्या निम्म्याहून कमी प्रकाश मिळवला आणि तेवढ्यावर पदवी पदरात पडली. पहिल्या देखण्या स्फटिकांची नळी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

रेणूंनी निजावे कसे हे आपल्या हाती नसेल, तर निदान अंथरूण तरी बदलता येते. मार्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हाच विचार केला. ग्राहक म्हणून नायट्रो गटाऐवजी त्यांनी धनप्रभारित पिरिडिनियम कडी घेतली. आता सगळा रेणूच धनप्रभारित. त्याला स्फटिकात सोबत म्हणून एक ऋणप्रभारित भिडू लागतो. हा भिडू मधे आला की रेणूंची एकमेकांना बिलगून उलटे होण्याची ओढ कमी होते, आणि मुख्य सोय अशी की, रेणूला हात न लावता नुसता भिडू बदलून एकाच रेणूच्या अनेक मांडण्या तपासता येतात. १९९१ मध्ये अशा फेरोसीनच्या एका आयोडाइड क्षाराने युरियाच्या २२० पट आकडा गाठला. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, याच युक्तीने, लोखंडाशिवाय, त्याच मंडळींनी १९८९ मध्येच केलेल्या एका निव्वळ सेंद्रिय क्षाराने १००० पटीचा टप्पा दाखवला होता. उदार म्हणून ज्याची ख्याती, तो फेरोसीन प्रत्यक्षात मध्यम प्रतीचा दाता निघाला. कारण असे की, लोखंड पुलाच्या ओळीत उभे नाही, ते कडीच्या खाली बसले आहे. देण्याची दानत आहे, पण हात पुलापर्यंत पुरेसा पोचत नाही.

मग धातूचा हट्ट कशासाठी, असे कोणी विचारील. याचे एक उत्तर १९९९ मध्ये मिळाले आणि ते मला फार आवडते. बेंजामिन को व बेल्जियममधले त्यांचे सहकारी यांनी रुथेनियम धातू दाता असलेले रेणू द्रावणात घेतले. धातूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की दाता दाता राहत नाही आणि रेणूची द्विगुणनाची शक्ती एकदम ओसरते. इलेक्ट्रॉन परत दिला की ती शक्ती परत येते. म्हणजे दिव्याला जसे बटण, तसे रेणूला बटण. साध्या सेंद्रिय दात्याकडून इलेक्ट्रॉन काढला तर तो बहुधा मोडून पडतो. धातूला मात्र देण्याघेण्याची सवयच असते.

या साऱ्यांतून बाजारात काय आले? आपल्या गावापर्यंत आलेल्या प्रकाशतंतूंच्या जाळ्यात दूरच्या पल्ल्यावर प्रकाशाला विजेच्या इशाऱ्याने ताल देणारी जी उपकरणे असतात, त्यांत फार मोठा वाटा लिथियम नायोबेट या धातूच्या ऑक्साइडाच्या स्फटिकाचा आहे. सभांतून वापरतात त्या हिरव्या लेझर-दांड्यांपैकी पुष्कळांत १०६४ चे ५३२ करणारा स्फटिक असतो, पण तोही पोटॅशियम-टायटॅनियमच्या फॉस्फेटाचा. (ती दांडी कोणाच्याही डोळ्यांवर धरू नका, न दिसणारा अवरक्त प्रकाशही तिच्यातून निसटत असतो.) फेरोसीनचे स्फटिक कोणत्याही दुकानात या कामासाठी विकायला नाहीत. ते मऊ असतात, मोठे वाढत नाहीत, आणि स्वतः गडद रंगाचे असल्याने आपणच निर्माण केलेला प्रकाश बरेचदा आपणच गिळतात. शोध लागले तेव्हा काहींनी उद्याच प्रकाशावर चालणारी गणकयंत्रे येणार असे लिहिले होते. मला ती घाई तेव्हाही पटली नव्हती.

मात्र त्या १९८७ च्या निबंधावर ज्यांचे नाव आहे, त्या मार्क थॉम्प्सन यांची पुढची कथा ऐकण्याजोगी आहे. धातू आणि कार्बन यांचे नाते प्रकाशाच्या कामी लावण्याचा नाद त्यांनी सोडला नाही, पण वाट बदलली. विजेचे रूपांतर प्रकाशात करणाऱ्या पातळ पापुद्र्यांत त्यांनी स्टीफन फॉरेस्ट यांच्यासह आधी प्लॅटिनम असलेले रेणू आणि १९९९ मध्ये इरिडियमचे धातुसेंद्रिय रेणू घातले आणि प्रकाशाचे उत्पन्न कितीतरी वाढले. तिथे रेणू कसे निजतात यावर सर्वस्व अवलंबून नव्हते. प्रत्येक रेणू आपापला उजेड देत होता. आज इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या खिशात ओलेड पडद्याचा फोन आहे, त्यांच्या पडद्यावरचा तांबडा आणि हिरवा रंग बहुधा इरिडियमच्या अशाच रेणूंतून येतो.

माझी वेळ संपत आली. प्रश्नोत्तरांनंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी मेजापाशी यावे. फेरोसीनची बाटली हाताळायला हरकत नाही, पण आतले द्रव्य चाखू नये, मुलांना दूर ठेवावे. चारही बाटल्यांशेजारी मी एक पाचवी, लहानशी नळीही ठेवली आहे. त्यातले तांबडे स्फटिक सुरेख आहेत. त्यांतून उजेड निघत नाही.